व्यसनी पात्र खरं वाटेल असं लिहायचं कसं? कथा, एकांकिका, फिल्म, सगळ्यासाठी

एकांकिका स्पर्धांची स्क्रिप्टं वाचा, शॉर्ट फिल्म बघा, वेब सिरीज बघा, व्यसनी पात्र बहुतेक वेळा तीनच ठिकाणी भेटतं. एकदा नशेत, लाल-निळ्या लाइटमध्ये, स्लो मोशन. एकदा कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन थरथरताना. आणि एकदा मेलेलं. यांच्या मधली जी पाच-दहा-पंधरा वर्षं असतात, ज्यात तो माणूस कामाला जातो, पोरीच्या शाळेच्या गॅदरिंगला उशिरा पोचतो, बायकोशी खोटं बोलतो, दोन महिने छान राहतो आणि परत पितो, ती कुणी लिहीतच नाही. आणि ज्यांच्या घरात व्यसन आहे त्यांना तीच वर्षं माहिती असतात, म्हणून त्यांना आपलं लिखाण बघून काहीच वाटत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की व्यसन हे दिवसभराचं काम असतं. मिळवायचं, लपवायचं, पैसे उभे करायचे, घ्यायचं, उतरायच्या आत परत मिळवायचं. हे काम कागदावर नीट मांडलंत तर पात्र आपोआप उभं राहतं, नशेचा सीन लिहायची गरजही फारशी पडत नाही. आता एकेक गोष्ट घेऊ.

आधी पदार्थ पक्का करा

"तो ड्रग्ज घेतो" एवढं लिहून पुढे जाऊ नका. गर्द म्हणजे ब्राऊन शुगर, अशुद्ध हेरॉइनच, ती घेतलेला माणूस मंद होतो, डोळे अर्धे मिटतात, मान हळूहळू खाली जाते आणि झटक्यात वर येते, नाक-गाल खाजवत बसतो, आणि डोळ्याची बाहुली एवढीशी होते. एमडी (मेफेड्रोन) घेतलेला बरोब्बर उलटा, बाहुल्या मोठ्या, जबडा सतत चालू, बडबड, रात्रभर जागा, भूक मेलेली, आणि दोन-तीन दिवस असेच गेले की खिडकीतून कुणीतरी बघतंय असा संशय. गांजावाल्याचे डोळे लाल, घसा कोरडा, आणि बऱ्याच वर्षांच्या गांजावाल्याकडे जे दिसतं ते म्हणजे सगळं "बघू नंतर" वर ढकलणं. व्हाइटनर किंवा सोल्यूशन हुंगणाऱ्या पोराच्या कपड्यांना वास येतो, तोंडाभोवती पुरळ येतं. आणि खोकल्याच्या औषधाची बाटली, दुखण्यावरच्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या, हे सगळं मेडिकलमधून येतं, त्यासाठी अंधारी गल्ली लागत नाही.

हे किती महत्त्वाचं आहे सांगतो. 'रिक्वीम फॉर अ ड्रीम' (२०००) हा व्यसनावरचा गाजलेला सिनेमा, त्यात हेरॉइन घेतल्यावर डोळ्याची बाहुली पसरत जातानाचा क्लोजअप पुन्हा पुन्हा येतो. दिसायला भारी आहे, पण हेरॉइनने बाहुली आकुंचते. त्याच सिनेमात आईचा जो ट्रॅक आहे, वजन कमी करायला डॉक्टरने दिलेल्या गोळ्यांची सवय लागलेली एकटी बाई, तो मात्र अंगावर येतो, कारण तिथे व्यसनाची सुरुवात डॉक्टरच्या चिठ्ठीने होते आणि टीव्हीवर दिसायच्या स्वप्नाने ते वाढतं.

काळही तपासा. गर्द मुंबईत पसरली ती १९८० च्या दशकात, त्यामुळे १९७० मधल्या गिरणगावातल्या तुमच्या पात्राच्या हातात पन्नी (गर्द ओढायचा चांदीचा कागद) देऊ नका. मेफेड्रोन म्हणजे एमडी कायद्याच्या यादीत आलं २०१५ मध्ये, त्याआधी पोलिसांना त्यावर अंमली पदार्थांच्या कायद्याखाली केस करता येत नव्हती, ही एकच गोष्ट अख्ख्या कथेचा प्लॉट होऊ शकते.

आणि प्लीज दारूला विसरू नका. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेला सर्व्हे २०१९ मध्ये आला, त्यात १० ते ७५ वयाच्या लोकांमध्ये दारू पिणारे १४.६ टक्के आणि अफू-हेरॉइन-गोळ्या हा सगळा गट मिळून साधारण २.१ टक्के. हुंगायच्या पदार्थांमध्ये तर मोठ्यांपेक्षा लहान मुलांचं प्रमाण जास्त निघालं. म्हणजे खरेपणाच शोधायचा असेल तर तो पब आणि फार्महाऊसपेक्षा देशीच्या दुकानाच्या मागच्या भिंतीशी आणि रेल्वे स्टेशनच्या पुलाखाली जास्त सापडेल. (श्रीमंत पात्र लिहू नका असं म्हणत नाहीये. डॉक्टर, इंजिनियर, वकील सगळे यात असतात, आणि त्यांचं व्यसन जास्त दिवस झाकलं जातं कारण झाकायला पैसे असतात.)

त्याला त्यातून काय मिळतं ते प्रामाणिकपणे लिहा

हे लिहायला आपण घाबरतो, प्रचार केल्यासारखं वाटेल म्हणून. पण पात्राला सुरुवातीला खरंच काहीतरी मिळालेलं असतं, नाहीतर तो परत गेलाच नसता. हमालाचं अंग दुखायचं थांबतं. चारचौघांत न बोलणारा पोरगा पहिल्यांदा बोलतो आणि लोक हसतात. रात्री झोप येते. डोक्यातला आवाज बंद होतो. हे लिहा, एकदाच, थोडक्यात, आणि मग पुढच्या पानांत ते मिळणं कसं कमी कमी होत गेलं ते लिहा. शेवटी तो मजेसाठी घेतच नाही, नुसतं नॉर्मल वाटावं म्हणून घेतो. ही घसरण तुमच्या गोष्टीचा कणा आहे.

आपल्याकडे हे शंभर वर्षांपूर्वी लिहून झालंय. गडकऱ्यांचं 'एकच प्याला' रंगभूमीवर आलं १९१९ मध्ये. सुधाकर हुशार वकील, मानी माणूस, कोर्टात अपमान होतो, सनद काही काळासाठी जाते, आणि तळीराम पहिला प्याला पुढे करतो. आजच्या नजरेने त्यातलं बरंचसं भडक वाटेल, भाषा अलंकारिक आहे, शेवट तर मरणांची रांगच. पण दोन गोष्टी गडकऱ्यांनी अचूक पकडल्यात. एक म्हणजे सुधाकर स्वतःच्या व्यसनाबद्दल अतिशय हुशारीने बोलतो, दारूच्या एकेक अवस्था मित्राला, रामलालला समजावून सांगतो, आणि तरी पितो. व्यसनी माणसाला कळत नसतं असं नाही, त्याला सगळं कळत असतं, आणि कळून काही होत नाही. दुसरं म्हणजे तो दारू सोडायचं ठरवतो, नोकरी शोधायला बाहेर पडतो, आणि लोक त्याला जुनाच दारुडा म्हणून वागवतात तेव्हा परत वळतो. आजच्या कितीतरी कथांमध्ये ही पायरीच नसते.

याउलट कारण एकच ठेवलं की पात्र बारीक होतं. प्रेमभंग झाला म्हणून प्यायला लागला, संपलं. 'देवदास' कादंबरी १९१७ ची, त्यावर पिढ्यान् पिढ्या सिनेमे निघाले, आणि त्यामुळे आपल्या डोक्यात बसलंय की दारू म्हणजे दुःखाचा दागिना. त्याच्या कादंबरीतल्या शेवटाकडे नीट बघा, आजारी माणूस बैलगाडीत रात्रभर हाल काढत निघालाय, त्यात सुंदर काही नाहीये. खऱ्या आयुष्यात कारणांचा गुंता असतो, घरात आधीपासून पिणारे, कमी वयात सुरुवात, कामाचं स्वरूप, मित्र, उदास स्वभाव, आणि कधीकधी तर सांगण्यासारखं काहीच कारण नसतं.

चोवीस तासांचा तक्ता काढा

हे सगळ्यात महत्त्वाचं, इथे वेळ घालवा. वहीच्या एका पानावर पहाटेपासून रात्रीपर्यंतचे तास लिहा आणि पात्र प्रत्येक तासाला काय करतंय, खिशात किती पैसे आहेत, शेवटचं कधी घेतलं आणि पुढचं कुठून येणार, हे भरा.

उदाहरण घेऊ. पात्राचं नाव संदीप, वय छत्तीस, भोसरीत एका वर्कशॉपमध्ये मशीनवर आहे, देशी पितो. पहाटे पाचला जाग येते ती घामाने. हात थरथरतायत, पोटात कळ. गाडीच्या डिकीत टूलकिटच्या फडक्यात गुंडाळलेली अर्धी चपटी आहे. तो कचरा टाकायच्या बहाण्याने खाली जातो. पहिला घोट उलटून पडतो. तो थांबतो, भिंतीला टेकतो, दुसरा घोट अगदी थोडा घेतो आणि तोंड मिटून धरतो. तो राहतो. दहा मिनिटांनी हात शांत होतात आणि मग तो वर येऊन दाढी करतो, कारण त्याआधी दाढी केली की कापतं. शिफ्टला चहा येतो तेव्हा तो कप उचलत नाही, सगळ्यांचा पिऊन होईपर्यंत मशीन पुसत राहतो, मग एकटा असताना दोन्ही हातांनी उचलतो. दुपारी जेवणाच्या सुट्टीत बाहेर. सुपरवायझरच्या जवळ उभं राहायचं नाही, तोंडात बडीशेप नाहीतर गुटखा. संध्याकाळी घरी जाताना पुढच्या पहाटेची सोय करून ठेवायची, हे कधीच चुकत नाही, पोराची फी चुकेल.

यात कुठेही तो झिंगून पडत नाही बघा. रोज पिणाऱ्या माणसाला दिवसा बघून बऱ्याचदा कळतही नाही, तो प्यायलेला असतानाच सरळ दिसतो. पडतो-झोकांड्या खातो तो सीन लिहायचाच असेल तर पहिल्या वर्षात लिहा, किंवा अगदी शेवटी, लिव्हर गेल्यावर, जेव्हा पूर्वी एक बाटली पचवणारा माणूस एका पेगवर आडवा होतो.

'द लॉस्ट वीकेंड' (१९४५) हा हॉलिवूडचा सिनेमा या बाबतीत आजही शिकण्यासारखा आहे. अख्खी गोष्ट एका वीकेंडची, नायक लेखक आहे आणि दारुड्या आहे, बाटली खिडकीबाहेर दोरीला लटकवून ठेवतो, दुसरी दिव्याच्या आत लपवतो आणि नंतर स्वतःच विसरतो कुठे ठेवली. एका सीनमध्ये तो टाइपरायटर गहाण ठेवायला रस्ताभर पायपीट करतो आणि गहाणाची दुकानं नेमकी ज्यूंच्या सणामुळे बंद. त्या चालण्यात सगळं व्यसन आलंय. पिण्याचे सीन त्यापुढे फिके आहेत.

पैशाचा हिशोब

तक्त्याच्या शेजारीच दुसरं पान, घरातून काय काय गेलं त्याचा क्रम. हा क्रम घराघरात साधारण सारखा असतो. आधी स्वतःचं, घड्याळ, मोबाईल. मग उसने, मित्राकडून, मग मित्राच्या बायकोकडून, "हिला सांगू नका वहिनी" म्हणून. पतपेढीचं कर्ज. भिशीचे पैसे. मग माळ्यावरची पितळेची भांडी, कारण ती कुणी रोज बघत नाही. भरलेला सिलेंडर. पोराची सायकल. दागिना शेवटी, आणि तोही आधी "पॉलिशला दिलाय".

घरातल्या बाईचाही हिशोब असतो. ती पैसे आधी तांदळाच्या डब्यात ठेवते, तिथले गेले की देवघरातल्या फोटोमागे, तिथलेही गेले की सॅनिटरी पॅडच्या पाकिटात, कारण तिथे तो हात घालणार नाही. असा एक तपशील दहा पानांच्या रडारडीचं काम करतो. चोरी झाली असा सीन लिहू नका, जागा बदलत गेल्या एवढंच दाखवा.

शरीराबद्दल चुका करू नका

सिनेमांनी जो सगळ्यात घातक गैरसमज पसरवलाय तो हा की गर्द एकदम बंद केली की माणूस मरतो आणि दारू काय, मनात आणलं की सुटते. प्रत्यक्षात गोष्ट जवळजवळ उलटी आहे.

गर्द बंद केल्यावर आठ-बारा तासांत सुरू होतं, त्या जगातली माणसं त्याला टर्की म्हणतात. आधी जांभया, डोळ्या-नाकातून पाणी, सर्दी झाल्यासारखं. मग अंगावर काटा, पोटात मुरडा, जुलाब, उलट्या, हाडं दुखतात, पाय एका जागी ठेवता येत नाहीत, झोप नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात वाईट आणि आठवड्याभरात शरीराचा भाग बराचसा ओसरतो. भयंकर असतं, पण धडधाकट माणूस सहसा यात मरत नाही. पात्राला किंचाळायला लावू नका, हे सगळं संडासात आणि अंथरुणात घडतं, त्यात लाज जास्त आणि नाट्य कमी. झोप न येणं मात्र पुढे कित्येक आठवडे राहतं आणि बरेच जण त्यालाच कंटाळून परत जातात.

रोज भरपूर पिणाऱ्याने दारू अचानक बंद केली तर मात्र जिवाला धोका असतो. सहा-आठ तासांत थरथर, घाम, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काही जणांना ज्याला डॉक्टर डीटी म्हणतात ते होतं. माणसाला वेळ-जागा कळत नाही, भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसं बोलतात, ताप, छाती धडधड. उपचार नाही मिळाले तर यात माणसं मरतात. आणि यातली एक गोष्ट लेखकांनी लक्षात ठेवावी अशी, या भ्रमात बरेचदा माणूस आपलं रोजचं काम करत असतो. ड्रायव्हर पलंगावर बसून गिअर टाकतो, शिंपी नसलेल्या सुईत दोरा ओवतो. आपला संदीप हॉस्पिटलच्या कॉटवर हवेत मशीनची चक्री फिरवतोय आणि शेजारच्या पेशंटला म्हणतोय "जरा बाजूला हो रे, जॉब लावायचाय". बायको बघतेय. यात किंकाळी नाही, पार्श्वसंगीत नाही, आणि कुणी विसरणार नाही.

म्हणून तुमच्या गोष्टीत घरच्यांनी एखाद्या रोजच्या दारुड्याला खोलीत कोंडून "चार दिवसांत ताळ्यावर आणला" असं दाखवू नका. कुणीतरी ते घरी करून बघेल.

ओव्हरडोसचंही तसंच. अफू-हेरॉइन जातीच्या ओव्हरडोसमध्ये माणूस तडफडत नाही, शांत होत जातो. श्वास हळू, घोरल्यासारखा आवाज, ओठ निळे, बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी. 'पल्प फिक्शन' (१९९४) मध्ये छातीत सुई मारून बाई ताडकन उठते तो सीन सगळ्यांना आठवतो, पण तिथे हृदयात ॲड्रेनलिन टोचणं हा काही इलाज नाही, हेरॉइनच्या ओव्हरडोसवर जे औषध चालतं त्याचं नाव नॅलोक्सोन. 'ट्रेनस्पॉटिंग' (१९९६) मध्ये मात्र नायक बेशुद्ध पडल्यावर माल विकणारा त्याला ओढत रस्त्यावर नेतो आणि टॅक्सीत टाकून पाठवतो, हे अगदी खरं वाटतं, लफडं नको म्हणून लोक असंच करतात.

ओव्हरडोस सगळ्यात जास्त कधी होतो तेही कथेत वापरण्यासारखं आहे. जेलमधून किंवा व्यसनमुक्ती सेंटरमधून बाहेर आल्यावर. शरीराची सवय गेलेली असते आणि माणूस जुन्याच मापाने घेतो. म्हणजे "सुटला, बरा झाला" हा क्षणच सगळ्यात धोक्याचा.

घरातली बाकीची माणसं

व्यसनी पात्राचे सीन थोडे कमी करा आणि घरच्यांना द्या. सगळं घर त्याच्या व्यसनाभोवती वळण घेत जातं, आणि त्यांच्या ते लक्षातही येत नाही. बायको कंपनीत फोन करते, "त्यांना ताप आलाय हो, आज नाही जमणार". आई गुपचूप शंभर रुपये देते, कारण नाही दिले तर तो बाहेर जाऊन कुणाशी तरी भांडेल. बाप बोलायचाच बंद होतो. धाकटा भाऊ आपल्या लग्नाची बोलणी दुसऱ्याच्या घरी ठेवतो. आठ वर्षांच्या पोराला जिन्यावरच्या चपलेच्या आवाजावरून कळतं आज बाबा कसे आहेत, आणि तो आवाज ऐकून ते पुस्तक उघडून बसतं किंवा आत जाऊन झोपेचं सोंग घेतं. मोठी मुलगी दहाव्या वर्षीच घरातली मोठी बाई होते.

बायकोला एकतर देवी किंवा एकतर कजाग असं लिहू नका. 'एकच प्याला' मधल्या सुधाकरच्या बायकोने, सिंधूने आपल्याकडे एक साचा तयार केला, सगळं सोसणारी, दळण दळून घर चालवणारी, नवऱ्याविरुद्ध शब्द न काढणारी, आणि बालगंधर्वांनी ती इतकी मनात बसवली की आजही लिहिताना तीच येते. खरी बायको सोसतेही, शिव्याही देते, बाटली मोरीत ओतते आणि दुसऱ्या दिवशी थरथरणारा हात बघून स्वतःच पैसे काढून देते. तिला त्याच्यावर प्रेमही असतं आणि एखाद्या रात्री तो परत येऊच नये असंही वाटतं. हे तिच्या तोंडून येऊ द्या.

बाई स्वतः व्यसनी असेल तर सगळंच बदलतं. तिला कुणी सोबत घेऊन बसत नाही, ती एकटी, बंद दाराआड घेते, आणि पुरुषाला उपचाराला घेऊन येणारी बायको असते तसा तिला घेऊन येणारा नवरा बऱ्याचदा नसतो. मराठीत हे फार कमी लिहिलं गेलंय, कुणीतरी लिहावं असं मनापासून वाटतं.

खोटं कसं बोलतो

व्यसनी माणूस मोठं खोटं कमी बोलतो, छोटं आणि अर्धं खरं जास्त. संवाद लिहिताना हे बघा.

"पिऊन आलास?"
"आई शप्पथ नाही. म्हणजे शिंदेकडे बारसं होतं, एक घोट घेतला फक्त, नाही म्हणता येईना."

शपथ आधी, कबुली मागून, आणि कबुलीतसुद्धा माप कमी. मग उलट हल्ला, "तुझ्या या संशयामुळेच प्यावीशी वाटते". मग दुसऱ्या दिवशी सकाळी पाया पडणं, रडणं, पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ. आणि ते रडणं नाटक नसतं, त्या क्षणी तो शंभर टक्के खरं बोलत असतो, ही गोष्ट नटाला नीट समजावून सांगा, नाहीतर तो ते लबाडासारखं करेल आणि सगळा सीन फुकट जाईल.

उपचार दाखवताना

सेंटर म्हणजे पांढऱ्या भिंती आणि दोरखंड असं कितीदा दाखवणार? मारहाण करणारी, कोंडून ठेवणारी सेंटर्स आहेत, ती जरूर दाखवा, पण दुसरीही आहेत. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं १९८६ मध्ये, डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केलं. अवचटांनी गर्दवर जे लेख लिहिले ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई मदतीला पुढे आले होते. तिथे व्यसनातून बाहेर आलेली माणसंच नव्यांना सांभाळतात, सकाळी व्यायाम, ग्रुपमध्ये बोलणं, कामं वाटून घेणं, घरच्यांसाठी वेगळे गट. यात नाट्य नाहीये असं वाटतं का? वीस जणांच्या गोलात पहिल्यांदा तोंड उघडणाऱ्या माणसाचा सीन लिहून बघा.

सेंटरच्या आधीचे उपायही येऊ द्या, कारण बहुतेक घरं आधी तिकडेच जातात. पांडुरंगाची माळ घालणं (काही जणांची खरंच सुटते, त्याची टिंगल करू नका), बाबाकडचा अंगारा, लग्न करून देणं, "न सांगता जेवणातून द्या" वाली भिंतीवरची जाहिरात. या शेवटच्यातलं औषध कधीकधी असं असतं की ते पोटात असताना दारू प्यायली तर माणूस गंभीर आजारी पडतो, म्हणून हा उपाय यशस्वी झालेला तरी दाखवू नका. आणि बहुसंख्यांना तर काहीच मिळत नाही, वर सांगितलेल्या सर्व्हेत दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसलीतरी मदत मिळाल्याचं निघालं.

गोष्टीत परत पिणं आलंच पाहिजे असं नाही, पण आलं तर ते ग्लास उचलण्यापासून सुरू करू नका. ते पंधरा दिवस आधी सुरू होतं. व्यसन सोडणाऱ्यांच्या ग्रुपच्या मीटिंगला जाणं टळतं, जुन्या मित्राला फोन होतो, "मी आता बरा आहे, मला सांगू नका" सुरू होतं, घरच्यांनी अजून पाकीट लपवलेलं दिसतं त्याचा राग येतो. प्रेक्षकाला ग्लासच्या आधी कळलं पाहिजे.

शेवट

मेला किंवा पूर्ण बरा झाला, या दोनच दरवाजांतून बाहेर पडायची सवय सोडा. शेवट मधेच सोडता येतो. चार महिने सोबर आहे, नोकरी हलकी आहे, पोरगा अजून जवळ येत नाही, बायकोने पैसे अजून पॅडच्या पाकिटातच ठेवलेत. मरण दाखवायचंच असेल तर व्यसनाची शिक्षा म्हणून दाखवू नका. 'ट्रेनस्पॉटिंग' मध्ये जो आधी सगळ्यात निर्व्यसनी, व्यायाम करणारा असतो तोच एचआयव्ही होऊन मरतो, त्यात न्याय वगैरे काही नाही, म्हणूनच ते बोचतं.

काय दाखवायचं नाही

किती घेतलं, कशात मिसळलं, कुठून आणलं, कसं ओढलं याची रेसिपी देऊ नका, कथेला त्याची गरज कधीच नसते. सुई, पन्नी, धूर यांचे सुंदर क्लोजअप टाळा. सोडून काही वर्षं झालेल्या माणसालाही तेवढं बघून तलफ येऊ शकते, आणि तो तुमचा प्रेक्षक आहे. निवेदकाच्या तोंडी "गर्दुल्ला", "दारुडा", "बेवडा" घालू नका, पात्रांनी एकमेकांना म्हटलं तर म्हणू द्या, लोक म्हणतातच.

सेन्सॉरची भीती बऱ्याच जणांना असते. नियमांमध्ये अंमली पदार्थांचं समर्थन किंवा उदात्तीकरण करू नये असं आहे, दाखवूच नये असं नाही. 'उडता पंजाब' वरून २०१६ मध्ये मोठा वाद झाला, बोर्डाला बरेच कट हवे होते, शेवटी मुंबई हायकोर्टाने एका कटवर आणि डिस्क्लेमरवर सिनेमा सोडला.

पोलिसांचा ट्रॅक असेल तर १९८५ चा एनडीपीएस म्हणजे अंमली पदार्थांचा कायदा उघडून एकदा वाचाच. हेरॉइनचं पाच ग्रॅमपर्यंत थोडं प्रमाण आणि अडीचशे ग्रॅमपासून व्यापारी प्रमाण धरतात, शिक्षा त्यावर ठरते. ज्याच्यावर नुसतं सेवनाचा किंवा थोड्या प्रमाणाचा आरोप आहे त्याने स्वतःहून उपचार घेतले तर खटल्यातून सूट मिळायची सोयही त्यात आहे (कलम ६४ अ). हे आपल्या स्क्रीनवर जवळजवळ कधीच दिसत नाही.

माणसांना भेटायला जाताना

'ट्रेनस्पॉटिंग' वाल्यांनी ग्लासगोमधल्या कॅल्टन ॲथलेटिक नावाच्या, व्यसनातून बाहेर पडलेल्या लोकांच्या गटाची मदत घेतली होती, आणि सुरुवातीच्या फुटबॉलच्या सीनमध्ये त्या गटातली माणसंच समोरच्या टीममध्ये आहेत. हे आपल्यालाही करता येतं. अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या काही मीटिंग ओपन असतात, बाहेरच्यांनी बसलेलं चालतं, आधी विचारून जा. वही काढू नका, रेकॉर्डिंग तर अजिबात नाही, तिथे ऐकलेली कुणाची गोष्ट जशीच्या तशी उचलायची नाही. "तुम्ही सगळ्यात खालच्या पातळीला कधी गेलात?" हा प्रश्न विचारू नका, सगळे तेच विचारतात आणि त्यांच्याकडे त्याचं पाठ उत्तर तयार असतं. "सकाळी उठल्यावर पहिलं काय करायचात?" विचारा. "घरात बाटली कुठे ठेवायचात?" विचारा. मग बघा माणूस कसा बोलायला लागतो, बरेचदा हसतोही, आणि ते हसू पण लिहून ठेवा, कारण त्या मीटिंगांमध्ये हसणं खूप असतं.

घरच्यांशी वेगळं बोला, माणूस समोर नसताना. दोघांच्या सांगण्यात जो फरक येईल तीच तुमची कथा.

ड्राफ्ट झाला की एखाद्या समुपदेशकाला आणि निदान एका सोबर माणसाला वाचायला द्या, आणि शूटिंगच्या आधी द्या, नंतर नाही. नटाला हात थरथरवायचे असतील तर त्यांच्यासमोर करून दाखवू दे. सेटवर युनिटमधलंच कुणीतरी या सगळ्यातून गेलेलं असण्याची शक्यता भरपूर आहे, तेव्हा नशेच्या सीनच्या दिवशी आधी सगळ्यांना सांगा, ज्याला नको असेल त्याला बाहेर थांबू द्या. आणि शेवटच्या पाटीवर केंद्र सरकारचा व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा १४४४६ हा नंबर टाका, टोल फ्री आहे, नावांच्या गर्दीत नको, वेगळ्या पाटीवर, लिहून घेता येईल इतका वेळ.